एक तारीख, दहा तारीख

आमच्या चाळीत पैसा नव्हता असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. पैसा होता. एका वेळी तो एकाच घरात असायचा, एवढंच.

परळला ज्या चाळीत मी वाढलो, तिच्या दुसऱ्या मजल्यावर बारा खोल्या होत्या. नऊ खोल्यांतली माणसं गिरणीत जायची, तीन खोल्यांतली ऑफिसात. आम्ही ऑफिसवाले. बाबा फोर्टातल्या एका खासगी कंपनीत कारकून होते. रोज कडक इस्त्रीची पँट घालून जायचे, त्यामुळे मजल्यावर आमची गणना श्रीमंतांत व्हायची. इस्त्री म्हणजे ती पँट रात्री गादीखाली नीट घडी करून ठेवायची आणि गादीवर आजोबांना झोपवायचं. आजोबांनी रात्री कूस बदलली की सकाळी पँटला दोन घड्या पडलेल्या असत. मग बाबा आजोबांकडे असं बघत, की जणू धोब्याने कपडे जाळलेत.

तर ऑफिसवाल्यांचा पगार १ तारखेला व्हायचा आणि गिरणीवाल्यांचा १० तारखेला. लहानपणी मला वाटायचं की हे देवानेच ठरवलंय. पुढे कळलं की ते १९३६ सालच्या वेतन प्रदान कायद्यात होतं. जिथे हजारापेक्षा कमी माणसं कामाला असतील तिथे महिना संपल्यापासून सात दिवसांच्या आत पगार द्यायचा. जिथे त्याहून जास्त असतील तिथे दहा दिवसांच्या आत. गिरणीत माणसं हजारोंनी, म्हणून दहा. कायदा करणाऱ्या इंग्रजांच्या डोळ्यांसमोर गिरण्यांचे हिशोबनीस असतील. पण चालला त्यावर आमचा दुसरा मजला.

कसा, ते सांगतो. १ तारखेला आमच्याकडे पैसे येत. त्याच सुमाराला गिरणीवाल्यांच्या घरी मागच्या पगारातलं काही उरलेलं नसे, म्हणून २ तारखेपासून ते आमच्याकडून उसने नेत. १० तारखेला त्यांचा पगार झाला की ११ला आमचे पैसे परत येत. तोवर आमचे संपलेले असत, त्यामुळे १५च्या आसपास आम्ही त्यांच्याकडून नेत असू. म्हणजे १ ते १० आम्ही सावकार, १० ते २० ते सावकार आणि २० ते ३१ वाणी सावकार. फेब्रुवारी हा चाळीतला सगळ्यांचा लाडका महिना होता.

१ तारखेला सकाळी रेडिओ सिलोनवर किशोरकुमारचं पहिल्या तारखेचं गाणं लागायचं. आमच्या खोलीत रेडिओ असल्याने ते सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. शेजारच्या काकू एकदा दारात येऊन आईला म्हणाल्या, "वैनी, हेच गाणं जरा १० तारखेला लावायला सांगा ना त्यांना." सिलोनला कसं कळवायचं यावर बाबांनी खरोखर विचार केला होता. पोस्टाच्या तिकिटाचा खर्च बघून बेत रद्द झाला.

या शेजारच्या काकू म्हणजे साचेवाल्या काकू. काकांचे गिरणीत साचे, म्हणजे माग. मूळचे तळकोकणातले. आमच्या आणि त्यांच्या खोलीमध्ये एक लाकडी फळ्यांची भिंत होती, आणि तिच्यातून फक्त माणसं जाऊ शकत नव्हती. बाकी सगळं जायचं: वास, भांडणं, खोकला, मुलांचे पाढे. मला चौदाचा पाढा त्यांच्या मुलाकडून ऐकून पाठ झाला. त्याचा चौदा सक चौऱ्याऐंशी चुकायचा, म्हणून माझाही चुकतो.

उसनं मागण्याचे नियम कडक होते. पैसे कधी पैसे म्हणून मागायचे नाहीत. आधी तब्येतीची चौकशी, मग नळाला पाणी किती वेळ होतं त्याची, मग जाता जाता उंबऱ्यावर थांबून, जणू आत्ताच आठवलं, "बरं, दहा असतील का हो, चार दिवसांकरता?" देणाऱ्यानेही लगेच उठायचं नाही. "बघते हं," म्हणायचं. घरात नेमके किती पैसे आहेत हे आईला झोपेतसुद्धा माहीत असायचं, तरी ती "बघते हं" म्हणायची. साखरेचं वेगळं. त्यासाठी मुलांना वाटी देऊन पाठवत. नेताना वाटी सपाट भरायची आणि परत देताना शीग लावून द्यायची. बाकी व्याज कुणी कुणाला लावलं नाही. पण शीग लावलेली वाटी न सांडता दोन दारं ओलांडायची हे मुलांचं काम होतं, आणि वाटेत शीग थोडी कमी व्हायची. आम्ही ती चाटायचो. ही दलाली घरात कुणाला ठाऊक नव्हती.

बाबांचा हिशोब एका डायरीत असायचा. डायरी ऑफिसातली, आणि नेहमी मागच्या वर्षीची. चालू वर्षीच्या डायऱ्या साहेबांसाठी असत. उरलेल्या वर्षअखेरीला कारकुनांत वाटल्या जात. त्यामुळे बाबांच्या हिशोबात तारीख बरोबर आणि वार चुकीचा असायचा. बाहेर सोमवार असला तर डायरीत रविवार. "कामावर गेलो त्या दिवशी तरी रविवार लिहिलाय हे बघून बरं वाटतं," असं ते म्हणायचे. त्यात नोंदी अशा: भाजी ०.६०. बस ०.४०. आजोबा दाढी ०.५०. आजोबा दाढी रद्द. अधूनमधून 'कि. ख.' म्हणजे किरकोळ खर्च यायचा, आणि आई त्याच्याकडे संशयाने बघायची. तिचा संशय रास्त होता. महाराष्ट्र सरकारची लॉटरी १९६९ साली निघाली तेव्हापासून बाबांच्या किरकोळ खर्चात नियमित वाढ झालेली डायऱ्यांत दिसते.

एकदा पंधरा पैशांचा हिशोब लागेना. रात्री अकरापर्यंत बाबा दिव्याखाली बसून होते. आजोबा पँटवर झोपलेले. शेवटी आई उठली, पदराच्या गाठीतून पंधरा पैसे काढून डायरीवर ठेवले आणि म्हणाली, "हे घ्या, सापडले. आता दिवा मालवा, पुढे बिल भरायला पंधरा पैसे नाहीत माझ्याकडे."

आईचे पैसे डब्यात असायचे. कोणत्या, ते सांगत नाही. महाराष्ट्रातल्या सगळ्या चोरांना ते माहीत आहे.

खोलीचं भाडं महिना साडेतेरा रुपये. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० सालच्या आकड्यांवर आणून बांधून टाकली होती, ती तशीच होती. एवढं भाडंसुद्धा आम्ही कधी कधी तीन तीन महिने थकवायचो. मालकाचा मेहताजी वसुलीला यायचा तो अपराध्यासारखा यायचा, कारण जिन्याला लाकडी टेकू लावलेले होते आणि तो स्वतः त्याच जिन्याने वर आलेला असायचा. आई त्याला चहा द्यायची. तिसऱ्या फेरीला बाबांनी हिशोब केला की चहापायी जेवढा खर्च झालाय, तेवढ्यात महिन्याच्या भाड्याचा बराचसा भाग निघाला असता. पण चहा शेजारून आणलेल्या साखरेचा होता, त्यामुळे तो आमच्या खर्चात धरायचा की नाही यावर दोघांत एकमत झालं नाही.

रेशनकार्डावर आत्याचं नाव होतं. आत्याचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, तिला दोन मुलं होती, पण कार्डावरून तिची पाठवणी काही झाली नव्हती. तिच्या वाट्याची साखर आम्ही खायचो. ती माहेरी आली की आई तिला चहात दोन चमचे साखर घालायची आणि म्हणायची, "घ्या वन्सं, तुमचीच आहे." आत्याला हा वहिनीचा लाडिकपणा वाटायचा.

सरकारही आमच्यासाठी बचत करायचं. १९७४ साली कायदा झाला की पगारदारांच्या वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग हातात न देता सक्तीने ठेवीत जमा करायचा. महागाई आटोक्यात यावी म्हणून. बाबांनी हे पगाराच्या चिठ्ठीवरून आम्हाला समजावून सांगितलं. पुढे हप्त्यांनी व्याजासकट परत मिळणार असंही सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग निम्मं रॉकेल पण पुढच्या वर्षी घेतलं तर चालेल का, विचारा त्यांना."

सरकारचं बघून बाबांनाही तेच सुचलं असावं. आमच्या शाळेत संचयिका होती, मुलांना बचतीची सवय लागावी म्हणून. दर शनिवारी चार आणे, आठ आणे भरायचे, पुस्तिकेत गुरुजी सही करायचे. माझे सात रुपये झाले होते. एका महिन्याच्या २६ तारखेला बाबांनी मला बाजूला घेऊन अत्यंत आदराने विचारलं, "काय रे, तुझ्याकडे किती आहेत?" मला इतक्या मानाने त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं आणि नंतरही नाही. पैसे काढायच्या चिठ्ठीवर पालकाची सही आणि कारण लागायचं. बाबांनी कारणाच्या जागी 'शैक्षणिक' लिहिलं. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "काय घेणार आहात?" मी खरं सांगितलं, "रॉकेल." गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी त्या आठवड्यात माझ्यासमोर आणखी पाच जणांना पैसे दिले होते. सगळ्यांची शैक्षणिक निकड महिनाअखेरीलाच उद्भवली होती.

गणिताचं म्हणाल तर गिरणगावातल्या मुलांना पहिला दशांश अपूर्णांक शाळेत येण्याआधी घरी यायचा. तो म्हणजे ८.३३. कायद्याने कमीत कमी बोनस तेवढे टक्के. वर्गात कुणाला एक भागिले बारा विचारलं की फळ्याकडे न बघता उत्तर यायचं. एक भागिले सात कुणालाच येत नसे. त्याचा काही उपयोगच नव्हता.

आता त्या नोटेबद्दल.

१९७५च्या सुमाराला बाबांच्या पगारात एक दहाची नोट आली. मधोमध फाटलेली, आणि मागून तलम कागदाची पट्टी लावून चिकटवलेली. पट्टी जरा तिरकी लागली होती, त्यामुळे नोटेचे दोन भाग एकमेकांना नीट भेटत नव्हते. एका कोपऱ्यात निळ्या शाईने कुणीतरी 'श्री' लिहिलं होतं. बाबा घाईत होते, त्यांनी बंडल मोजलं, नोट बघितली नाही. आईने ती वाण्याकडे नेली. शेठने ती उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून त्या तिरक्या फटीतून आरपार रस्ता बघितला आणि परत केली. कोळणीने तर हातात घेतली नाही, लांबूनच म्हणाली, "बये, हिला आधी दवाखान्यात ने." बसमध्ये चालली नाही. देवळाच्या पेटीत टाकायला आई तयार नव्हती. देवाला फाटकी नोट देणं तिला बरं दिसेना, आणि दहा रुपये देणं तर त्याहून बरं दिसेना. नोट डब्यात गेली. बाबांनी त्या रात्री डायरीत लिहिलं: शिल्लक १०.०० (फाटकी).

पुढच्या ८ तारखेला काकू आल्या. तब्येत, पाणी, उंबरा, सगळं यथासांग झालं आणि दहा रुपये मागितले. त्या दिवशी घरात दुसरी नोट नव्हती. आई ओशाळून म्हणाली, "आहेत, पण जरा फाटकी आहे हो." काकू म्हणाल्या, "असू दे." ११ तारखेला काकूंनी पैसे परत केले. दहा रुपये. कोपऱ्यात 'श्री'.

आईने काही विचारलं नाही, पण तिला चैन पडेना. नोट चालली नाही, तर काकूंनी तीन दिवस भागवलं कसं? उत्तर शेठच्या दुकानात मिळालं. काकूंच्या नावावर वहीत उधारी तुंबलेली होती, शेठ आणखी द्यायला तयार नव्हता. काकूंनी ही नोट त्याच्यापुढे धरली. शेठने उजेडात बघितली, परत केली. काकू म्हणाल्या, "शेठ, पैसे आहेत हो माझ्याकडे, तुम्हीच घेत नाही. बदलून आणीपर्यंत लिहून ठेवा." ज्या बाईच्या हातात दहा रुपये दिसताहेत तिला नाही म्हणायला शेठकडे कारण उरलं नाही. त्याने तांदूळ दिले आणि वहीत लिहिलं.

म्हणजे नोट चालत नव्हती, पण नोटेवर उधारी चालत होती.

आई त्या महिन्याच्या १८ तारखेला शेठकडे गेली, हीच नोट घेऊन. मीही बरोबर होतो. शेठने नोट घेतली, एक डोळा मिटला, रस्ता बघितला, परत केली, आणि वही उघडली. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. आपण ही नोट याआधी दोनदा पाहिली आहे असं त्याने डोळ्यांनीही दाखवलं नाही.

इथून पुढे ती नोट आमच्या मजल्यावर सहा-सात वर्षं फिरली. आमच्याकडून काकूंकडे, काकूंकडून कोपऱ्यावरच्या वहिनींकडे, तिथून परत आमच्याकडे. उसनी मागताना आता नुसते दहा मागत नसत. "दहा असतील का, आणि नसले तर ती तरी?" असं विचारत. 'ती' म्हणजे कोणती हे मजल्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळायचं. कुणी ती परत करायला उशीर केला तर इतरांची पंचाईत व्हायची. कोपऱ्यावरच्या वहिनींनी एकदा ती नोट आठवडाभर अडकवून ठेवली, तर तीन खोल्यांत त्यांच्याशी कुणी धड बोलेना. चाळीत दुसरी फाटकी नोट तयार करावी असाही एक विचार पुढे आला होता. काकांनी तो मोडून काढला. म्हणाले, "एक आहे म्हणून शेठ मानतो. दोन झाल्या की तो दोन्ही बंद करेल." काका सातवी शिकलेले होते.

१६ जानेवारी १९७८ला सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. बाबांनी बातमी गंभीरपणे मोठ्याने वाचून दाखवली. आईने कर्तव्य म्हणून डबा हलवून बघितला. थोड्या वेळाने काकू काळजीत आल्या.

"वैनी, आपली ती चालेल ना हो आता?"

"ती आधीही चालत नव्हती," बाबा आतून म्हणाले.

"म्हणजे बंद नाही ना झाली?"

"नाही."

"मग ठीक आहे," असं म्हणून काकू गेल्या. त्या वेळी नोट त्यांच्याचकडे होती.

बाबांच्या डायऱ्यांत या काळातल्या महिनाअखेरी मी नंतर तपासल्या. नोट घरात असली तर 'शिल्लक १०.०० (फाटकी)', बाहेर असली तर 'येणे १०.०० (फाटकी)'. शिल्लक म्हणून दुसरा आकडा फार क्वचित. पण पगारदार माणसाच्या हिशोबात महिन्याच्या शेवटी शिल्लक काहीतरी आहे, याचा बाबांना केवढा आधार होता हे त्या अक्षरावरून कळतं. 'शिल्लक' हा शब्द ते जरा मोठा काढायचे.

१९८१च्या दिवाळीत काही गिरण्यांत बोनसवरून बिनसलं आणि १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. पुढारी डॉ. दत्ता सामंत, ज्यांना आमच्या मजल्यावर नुसतं 'डॉक्टर' म्हणत. काका म्हणाले, पंधरा दिवसांत मिटेल. डॉक्टरांच्या शब्दावर त्यांचा एवढा भरवसा होता की त्या पंधरा दिवसांत त्यांनी खोलीला रंग काढायला घेतला.

संपाचा पहिला तडाखा मात्र बाबांना बसला. गिरणीचा भोंगा बंद झाला. बाबांचं दाढी, आंघोळ, डबा, गाडी हे सगळं भोंग्यावर चालायचं. घरातलं घड्याळ भोंग्यावरून लावलेलं असायचं, आणि भोंगा नसला की ते स्वतःच्या मर्जीने जायचं. पहिल्या आठवड्यात बाबांना तीन लेटमार्क लागले. गिरण्या बंद पडल्याबद्दल फोर्टातल्या एका कारकुनाची अर्धी किरकोळ रजा कापली गेली.

मग मार्चची १० तारीख आली आणि तशीच गेली. एप्रिलची आली, तीही गेली. चाळीत आता एकच तारीख उरली होती, १. त्या एका तारखेवर बारा खोल्या चालणं शक्य नव्हतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं, म्हणून काकूंनी उंबऱ्यावर थांबणं बंद केलं. त्या यायच्याच नाहीत. पलीकडून मुलांचे पाढे यायचे, खोकला यायचा, पण संध्याकाळी फोडणीचा आवाज उशिरा यायला लागला, आणि कधी कधी यायचाच नाही. भिंत फळ्यांची होती, सांगितलंच मी.

एक दिवस आईने मला नोट दिली आणि म्हणाली, "काकूंना नेऊन दे. म्हण, आमच्याकडे ठेवायला जागा नाही." मी बारा-तेरा वर्षांचा होतो, एवढ्याशा नोटेला जागा नाही हे वाक्य मला विनोदी वाटलं आणि मी ते हसत सांगितलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी नोट घेतली, पदराला बांधली आणि थेट शेठकडे गेल्या.

त्यानंतर वर्षभर नोट आमच्याकडे आली नाही. बाबा दर महिन्याला 'येणे १०.०० (फाटकी)' लिहीत राहिले. शेठ दर खेपेला ती उजेडाकडे धरत राहिला. मी स्वतः बघितलंय, पावसाळ्यात दुकानात उजेड नसतानासुद्धा तो ती दाराकडे नेऊन धरायचा, डोळा मिटायचा, परत करायचा आणि मग लिहायचा. त्याच्या मालाच्या गोण्या महिन्यागणिक कमी होत होत्या. त्या वर्षी त्याने किती खोल्यांचं लिहून ठेवलं ते त्याच्या वहीला ठाऊक.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. नुसता विरला. काका काही महिने भिवंडीला यंत्रमागावर गेले, तिथली बारा बारा तासांची पाळी आणि तिथला मुक्काम त्यांना झेपेना. १९८३च्या उन्हाळ्यात त्यांनी गावी जायचं ठरवलं. परळहून रात्रीची एसटी होती. सामान फार नव्हतं. भांड्यांतली पितळी आधीच गेली होती. रंग काढलेली भिंत तेवढी नवीन दिसत होती.

निघताना काकू आमच्या दारात आल्या. तब्येत विचारली. पाणी किती वेळ होतं ते विचारलं. मग उंबऱ्यावर थांबल्या आणि पदराची गाठ सोडली.

"वैनी, ही तुमची."

"राहू दे हो," आई म्हणाली. "वाटेत लागेल."

"वाटेत हिला कोण घेणार?" काकू म्हणाल्या.

आठ वर्षांत हे वाक्य मजल्यावर पहिल्यांदाच कुणी मोठ्याने उच्चारलं होतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. अशा हसल्या की आजोबा जागे झाले आणि आपलं काही चुकलं का असं विचारायला लागले. काकूंनी मग आमच्याकडून वाटीभर साखर मागून नेली, प्रवासात मुलांना सरबताला. वाटी एसटीत गेली. परत आली नाही.

नोट अजून माझ्याकडे आहे. बाबांच्या १९८२ सालच्या डायरीत, म्हणजे ज्यात १९८३चा हिशोब आहे तिच्यात, मे महिन्याच्या पानांत ठेवलेली. पट्टी पिवळी पडली आहे, 'श्री' पुसट झालाय. पानावर लिहिलंय: शिल्लक १०.०० (फाटकी).

एक सांगायचं राहिलं. फाटकी नोट रिझर्व्ह बँकेत बदलून मिळते. तेव्हाही मिळायची. बाबांना ते माहीत होतं, काकूंना माहीत होतं, शेठला तर माहीत होतंच. रिझर्व्ह बँक फोर्टात आहे, बाबांच्या ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर.